आठ टक्क्यांची हॉपी बिअर: चाखायची कशी, पारखायची कशी

प्रश्न: म्हापशाहून हणजुणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे छोटे रेस्टॉरंट आहे. एका ब्रुअरीने त्यांची डबल आयपीए, म्हणजे तीव्र इंडिया पेल एल बिअर, ठेवण्याचा आग्रह धरला आहे. कॅनवर ८ टक्के अल्कोहोल आणि ७५ आयबीयू (कडूपणाचे माप) असे छापले आहे. नमुन्याचे काही कॅन त्यांनी दिले. मला ती नुसती कडू लागली, माझ्या भावाला फार आवडली आणि आठवड्याने उघडलेला शेवटचा कॅन आम्हा दोघांनाही वेगळाच लागला. अशी बिअर चांगली की वाईट हे ठरवायचे कसे?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ शेवटच्या कॅनची आहे. तो कॅन आठवडाभर कुठे होता ते तुम्ही लिहिलेले नाही, पण तो फ्रिजबाहेर असणार, बहुधा काउंटरखाली किंवा किचनला लागून. तीव्र हॉपी बिअर, म्हणजे हॉप्स या कडू, सुगंधी फुलांचा जोर असलेली बिअर, पारखायची तर आधी ती ताजी आहे का, मग ती कोरडी (गोडवा न उरलेली) आणि समतोल आहे का, आणि कडूपणा किती हे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात. पहिल्या घोटाला कडू लागली की एकजण तोंड वाकडे करतो, दुसरा ‘लय भारी’ म्हणतो, आणि दोघांनीही बिअर चाखलेली नसते.

आधी ही बिअर काय आहे ते बघू. आपले गिऱ्हाईक ‘स्ट्राँग द्या’ म्हणते तेव्हा त्याला हवी असते ती लागर: साखर, तांदूळ किंवा मक्याच्या जोरावर अल्कोहोल वाढवलेली, हॉप्स नावापुरते. डबल आयपीएमध्ये अल्कोहोल तेवढेच असले तरी तिचा जीव हॉप्समध्ये असतो. कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झो यांनी १९९४ मध्ये हॉप्सचे प्रमाण जवळजवळ दुप्पट करून अशी बिअर काढली. साधने जुनाट होती, बिअरमध्ये दोष राहिलाच तर तो भरपूर हॉप्सखाली झाकला जावा, हाही विचार त्यामागे होता, असे त्यांनीच सांगितले आहे. परीक्षकाने हे ध्यानात ठेवावे. हॉप्स पुष्कळ झाकतात, आणि आपले काम झाकलेले शोधण्याचे आहे.

बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेने या शैलीसाठी ७.५ ते १० टक्के अल्कोहोल आणि ६० ते १०० आयबीयू अशी चौकट दिली आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे बिअर ८ टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते, त्यामुळे भारतातली डबल आयपीए त्या चौकटीच्या खालच्या टोकाला बसते. यात कमीपणा काही नाही. आपल्या हवेत ८ टक्क्यांच्या पुढची बिअर जडच होते, असे माझे मत आहे.

आता ते ७५ आयबीयू. हॉप्समधली अल्फा आम्ले वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोड रस, उकळताना रूप बदलतात आणि बिअरमध्ये विरघळणारी कडू आम्ले तयार होतात. आयबीयू हे ढोबळमानाने त्यांचे लिटरमागे मिलिग्रॅममधले प्रमाण. रोजच्या लागरमध्ये ते १० ते २० असते. पण तो आकडा रसायनाचा आहे, जिभेचा नव्हे. पातळ, साडेचार टक्क्यांच्या बिअरमध्ये ४० आयबीयू बोचतात, आणि भरदार माल्टच्या बिअरमध्ये ७० सुद्धा गोलाईने येतात. शिवाय कॅनवरचा आकडा बहुतेक वेळा पाककृतीवरून काढलेला हिशेब असतो, प्रयोगशाळेत मोजलेला नसतो. म्हणून त्या ७५ वर निर्णय घेऊ नका. पुढचा कॅन उघडताना तो आकडा झाकूनच ठेवा.

चाखण्याची तयारी साधी आहे, पण ती टाळली तर बाकी सगळे वाया जाते. वेळ सकाळची, जेवणाआधीची. चहा-कॉफी नुकतीच घेतलेली नसावी, तोंडात पान-सुपारी नसावी, आणि किचनमध्ये मसाला परतणे चालू नसावे. रेशादचे वाटण तव्यावर पडले की त्या खोलीत कुठलीच बिअर पारखता येत नाही. ग्लास वर निमुळता होणारा घ्या, ट्यूलिप किंवा वाइनचा चालेल. फ्रीजरमधला गोठवलेला मग अजिबात नको, कारण त्याच्या आतल्या बर्फाने फेस उसळतो, बिअर पातळ होते आणि गारठलेल्या जिभेला अर्ध्याहून जास्त गोष्टी कळत नाहीत. ग्लास पाण्याने ओला करून बघा. पाणी सगळीकडे एकसारखे पसरले तर तो स्वच्छ. थेंब-थेंब तुटले तर त्यावर साबणाचा किंवा तेलाचा थर आहे, आणि फेस बसला म्हणून बिअरला दोष देण्यात अर्थ नाही.

कॅन फ्रिजमधून काढून थोडा बाहेर राहू द्या. बिअर ७-८ अंशांवर असताना सुरुवात करावी आणि ती १३-१४ अंशांवर जाईपर्यंत चाखत राहावे. गोव्याच्या उकाड्यात ग्लास तेवढा गरम व्हायला वेळ लागत नाही, आणि परीक्षकाला त्याचा फायदाच होतो. चार अंशांवर सगळ्याच बिअर बऱ्या लागतात. कोमट होत गेल्यावर चांगली बिअर उलगडते आणि सदोष बिअर उघडी पडते. अर्धा ग्लास संपल्यावरचा घोट हाच माझ्या लेखी खरा निकाल.

ओतल्या ओतल्या, फेस वर येत असतानाच पहिला वास घ्या. हलके गंध काही सेकंदांत उडून जातात. दीर्घ श्वास ओढू नका, लहान-लहान दोन-तीन हुंगण्या पुरेत. मग ग्लासवर तळहात ठेवा, बिअर हलकेच फिरवा, हात काढा आणि पुन्हा हुंगा. नाक बधिर वाटले तर स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, ते पुन्हा ताळ्यावर येते. ‘छान वास’ असे लिहून थांबू नका. कसला वास? पपनसाच्या सालीचा? पिकल्या पेरूचा? अननसाचा? चीडाच्या राळेचा? ओल्या गवताचा? आपल्याकडच्या लोकांना इथे मोठा फायदा आहे. पपनस, पेरू आणि पॅशनफ्रूट यांच्या वासामागे जी गंधकयुक्त संयुगे असतात, त्यांच्यापैकीच काही सिट्रा, सिम्को यांसारख्या हॉप्समध्ये असतात. परदेशी परीक्षकांनी ‘उष्ण कटिबंधातली फळे’ एवढे मोघम लिहून सोडलेले असते. ज्याने मानकुरादच्या पेट्यांशेजारी उन्हाळे काढले, त्याला पिकलेला आंबा आणि पिकून उतरलेला आंबा यातला फरक हुंगताच कळतो. तो फरक तसाच लिहा. बिअरमध्ये तो खरोखर असतो.

याच टप्प्यावर वाईट वासही शोधायचे. कांदा-लसणाची छटा आली तर ती बहुधा उशिरा तोडलेल्या हॉप्सची. पुसटशी असेल तर मी तिला दोष मानत नाही, पुढे आली तर मानतो. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास म्हणजे हॉप्स नीट थंड ठेवले गेले नव्हते. गोव्यात हॉप्स पिकत नाहीत, ते अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातून किंवा जर्मनीतल्या हालरटाऊमधून लांबचा प्रवास करून येतात, त्यामुळे हा दोष आपल्याकडे शक्यतेच्या पलीकडचा नाही. लोणी किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसिटिल या संयुगाचा, आणि त्याला या शैलीत क्षमा नाही. उकडलेल्या मक्याचा वास, हिरव्या सफरचंदाचा वास, हेही कच्चे काम दाखवतात.

रंगरूपावर फार वेळ घालवू नये. बीजेसीपीच्या ५० गुणांच्या पत्रिकेत गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. रूपाला तीनच, आणि ते योग्य आहे. ग्लासमागे पांढरा कागद धरून बघा. वेस्ट कोस्ट पद्धतीची असेल तर सोनेरी ते हलकी तांबूस आणि बऱ्यापैकी नितळ हवी. धूसर पद्धतीची असेल तर गढूळपणा चालेल, पण त्यात करडी किंवा जांभळट झाक आली असेल तर ती बिअर हवेच्या संपर्काने खराब झाली आहे, पुढे चाखायचे ते खात्री करण्यापुरते.

पहिल्या घोटावर मत बनवू नका, तो नुसता तोंड ओले करायला. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. हॉप्सची अर्धी चव त्या श्वासात असते. वाइनसारखी थुंकायची नाही, कारण कडूपणा संथपणे चढतो, गिळल्यावर काही सेकंदांनी शिगेला पोचतो आणि मग उतरतो. तो कसा उतरतो याकडे माझे सगळ्यात जास्त लक्ष असते. चांगल्या बिअरमध्ये तो ठळक येतो आणि स्वच्छ निघून जातो, तोंड पुढचा घोट मागते. वाईट बिअरमध्ये तो जिभेच्या मागे चिकटून बसतो आणि प्रत्येक घोटागणिक साचत जातो.

इथे कडू आणि तुरट यांत गल्लत होते, आणि तुमची तक्रार कदाचित तीच असेल. कारले कडू असते. काजूचा बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो, जीभ खरखरीत होते, ती तुरटी. आंबवताना किंवा आंबवण झाल्यावर बिअरमध्ये हॉप्स मुरवतात त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. ते जास्त झाले किंवा हॉप्स जास्त दिवस राहिले की ही तुरटी उतरते. ताज्या धूसर बिअरमध्ये हॉप्सचे बारीक कण तरंगत राहतात आणि घशात जळजळ होते, ती आणखी वेगळी, आणि कॅन काही दिवस थंडीत उभा ठेवला की कमी होते. तुम्हाला ‘नुसती कडू’ लागली ती यापैकी कशाने, हे तिसऱ्या घोटाला शोधा. जीभ टाळूला घासून बघा. खरखर लागली तर तुरटी आहे, आणि तुमची तक्रार रास्त आहे.

मग गोडवा. भारतातल्या तीव्र हॉपी बिअरमध्ये मला सगळ्यात जास्त खटकणारा दोष हा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. अल्कोहोल वाढवायला माल्ट जास्त घ्यावा लागतो, आणि यीस्टने त्यातली साखर पुरती संपवली नाही तर बिअर पाकासारखी राहते. तो पाक झाकायला आणखी हॉप्स घातले जातात, आणि शेवटी कडू काढ्यात गूळ घातल्यासारखे काहीतरी हातात येते. जाणकार ब्रुअर कॅरमल माल्ट बेताने वापरतात, आंबवण नीट पुरे होऊ देतात, आणि काही जण थोडी डेक्स्ट्रोज साखर घालतात. ती पूर्ण आंबते, त्यामुळे अल्कोहोल वाढते पण अंग हलके राहते. ओळखायची खूण सोपी आहे. गिळल्यानंतर ओठ ओठांवर ठेवा. चिकटले तर बिअर गोड राहिली आहे, कॅनवर काहीही लिहिलेले असो.

अल्कोहोलची ऊब छातीत हलकी जाणवावी, नाकाला जाणवू नये. नेलपॉलिश काढायच्या द्रवाची आठवण झाली किंवा घसा भाजला तर आंबवताना तापमान हाताबाहेर गेले होते. फेणी पिणाऱ्या माणसाला ४० टक्क्यांच्या घरातल्या दारूची सवय असते, म्हणून तो ८ टक्क्यांतली ही जळजळ ‘त्यात काय’ म्हणून सोडून देतो. सोडू नये. चांगली काजू फेणी जशी तीव्र असूनही बोचत नाही, तीच अपेक्षा इथेही ठेवावी.

आता त्या शेवटच्या कॅनकडे येतो. बिअर जुनी होण्याचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट-तिप्पट होतो. फ्रिज ४ अंशांचा धरा आणि एप्रिल-मे महिन्यातले तुमचे किचन ३४ अंशांचे. म्हणजे तीन वेळा दुप्पट ते तिप्पट, आठपट ते सत्तावीसपट वेग. बाहेर काढलेला एक आठवडा हा फ्रिजमधल्या दोन ते सहा महिन्यांएवढा. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे. आधी हॉप्सचा दरवळ जातो, मग फळांऐवजी मुरांबा किंवा मधासारखा वास येऊ लागतो, शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा. कडूपणा मात्र बराचसा मागे राहतो, आणि तोही बोथट, ओबडधोबड होऊन. आधार गेला की कडूपणा उघडा पडतो. त्यातच बहुतेक क्राफ्ट बिअर पाश्चराइज केलेली नसते. ड्राय हॉपिंगच्या हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या पिठूळ अंशाची साखर करतात, उबेत यीस्ट पुन्हा कामाला लागते, गॅस वाढतो आणि कधी तो लोण्याचा वासही नव्याने येतो. कॅन फुगलेला दिसला तर चाखायच्या भानगडीत पडू नका.

हे माझ्या शब्दावर मानू नका. एकाच तारखेचे काही कॅन घ्या. अर्धे फ्रिजमध्ये ठेवा, अर्धे काउंटरखाली. दहा दिवसांनी बाहेरचे पुरते थंड करा आणि भावाला तीन ग्लास भरून द्या, दोनांत एक प्रकार, तिसऱ्यात दुसरा. कुठला ग्लास वेगळा ते त्याने शोधायचे. निव्वळ अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येऊ शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा करा आणि मग जागा बदला, तुम्ही चाखा. जीभ तयार करायचा याहून स्वस्त आणि खात्रीचा धडा मला माहीत नाही. मी नव्या मुलांना चाखायला शिकवतो तेव्हा सुरुवात इथूनच करतो, शब्दांच्या याद्या नंतर.

उन्हाचेही तसेच. हॉप्समधून आलेली कडू आम्ले प्रकाशात तुटतात आणि उग्र, जळक्या रबराजवळ जाणारा वास तयार होतो. तपकिरी बाटली बरेच वाचवते, हिरवी फारसे नाही, कॅन पूर्ण वाचवतो. पण ग्लासमध्ये ओतल्यावर कॅनचा काय उपयोग? शॅकवर टेबलावर उन्हात ठेवलेला हॉपी बिअरचा ग्लास काही मिनिटांत बिघडतो. तुमच्याकडे बाहेर टेबले असतील तर ही बिअर सावलीतच द्या.

खाण्याबद्दल थोडेच. तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात, वर अल्कोहोल ८ टक्के. शाकुतीबरोबर ही बिअर दिली तर गिऱ्हाईक तिखटाने हैराण होईल आणि दोष बिअरला देईल. तेलकट बांगड्याबरोबर तोंडात धातूची चव येते, असा माझा अनुभव आहे. काफ्रेआल (हिरव्या वाटणातली कोंबडी) चालते, कारण त्यात कोथिंबीर आणि हिरवा मसाला पुढे असतो. मिरची मात्र बेताची ठेवा. तळलेला मोडसो मासा, खारवलेले काजू, जून चीज यांच्याबरोबर ती खुलते. चाखताना मात्र साधी पोई (गोव्याचा पाव) आणि पाणी, बाकी काही नको.

बिअर ठेवायची की नाही? ब्रुअरीला आधी कॅन भरल्याची तारीख विचारा. नुसती ‘बेस्ट बिफोर’ नव्हे, भरल्याची. मग विचारा की माल थंड गाडीतून येतो का. सांगोल्डा, लाटंबार्से इथे ब्रुअऱ्या उभ्या राहिल्यापासून गोव्यात बनलेली बिअर काही तासांत दारात येऊ शकते, हा आपल्याला मिळालेला मोठा लाभ आहे. घाट उतरून उघड्या ट्रकमधून येणाऱ्या नामवंत बिअरपेक्षा जवळची साधी पण ताजी हॉपी बिअर मी नेहमी वर ठेवतो. भरल्यापासून दोन महिन्यांच्या आत संपेल एवढाच माल घ्या, सगळा फ्रिजमध्ये मावेल एवढाच घ्या, आणि पावसात वीज गेली तर त्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे ना ते बघा. केग, म्हणजे बिअरचे पिंप, घेणार असाल तर त्याची नळी दर दोन आठवड्यांनी धुतली गेलीच पाहिजे आणि ती कोण धुणार हे आधी ठरवून घ्या.

आणि ग्लास लहान ठेवा. ५०० मिलीच्या ८ टक्क्यांच्या कॅनमध्ये ४० मिली निव्वळ अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली लार्ज पेगमध्ये ते साधारण २६ मिली. म्हणजे एक कॅन दीड लार्ज पेगपेक्षा जास्त, आणि समोर बसलेला पाहुणा बहुधा भाड्याच्या स्कूटरवरून आलेला. २०० मिलीचा ग्लास द्या. बिअर कोमट होऊन कंटाळा यायच्या आत संपेल, किंमतही त्याला परवडेल. मेनूकार्डावर आयबीयू छापू नका. ८ टक्के आहे, कोरडी आहे, पपनस आणि राळेचा वास आहे, अमुक तारखेला भरली आहे, एवढे लिहा. शेवटचे ते खडूने, फळ्यावर, म्हणजे दर खेपेला बदलता येईल.